मागच्या भिंतीची आठ बोटे

तारीख लिहून घ्या. सोमवार, तेरा फेब्रुवारी एकोणीसशे एकसष्ट. सकाळचे सव्वासात. त्या वेळी अकरा बैलगाड्या आमच्या गावात आल्या आणि त्या अकरा गाड्यांत मिळून एक अख्खा दवाखाना होता. लोखंडाच्या चार चौकटी, भिंतींचे तक्ते, छपराचे पत्रे, दारे, खिडक्या, बिजागऱ्या, सगळे आधीच तयार केलेले, सुटे केलेले आणि प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. शेवटची गाडी थांबली तेव्हा शाळेची साडेसातची घंटा झाली, म्हणजे पहिली गाडी सव्वासातला आली. विहिरीवरच्या बाया पाहायला जमल्या. त्यांतली एक म्हणाली, माय वो, आजवर बाळंतीन गाडीत बसून दवाखान्यात जाये, आता दवाखानाच गाडीत बसून आला. सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मला जोत्याची काळजी होती.

मी कोण ते आधी सांगतो, मग त्या दिवसाकडे येतो. माझे नाव किसन. लोक किसन मिस्त्री म्हणतात. आमचे गाव नेरपासून सहा मैल. वडील जिनिंगमध्ये गाठी उचलत. मी सातवी पास झालो, आमच्या वस्तीत पहिला, आणि पास होऊनही काही मिळाले नाही, तेव्हा सीताराम मिस्त्रींच्या हाताखाली विटा उचलायला लागलो. त्यांनी मला थापी धरायला शिकवले, ओळंबा सोडायला शिकवले आणि पाच वर्षांनी आपली मुलगी यमुना मला दिली. तेव्हापासून मी त्यांना मामाजी म्हणू लागलो आणि ते मला जवाई. पुढे माझी उमर सरकारी कामांवर साहेबलोकांबरोबर गेली, म्हणून माझी भाषा अशी छापील झाली आहे. मामाजींचे बोलणे मात्र त्यांच्याच शब्दांत सांगेन. ते माझ्या शब्दांत सांगितले तर खोटे वाटेल.

छप्पन साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला. मामाजींनी घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने उतरवला आणि लाकूड चांगले होते म्हणून त्याची हत्यारांची पेटी केली. चारचौघांत उभे राहून त्यांनी सांगितले की आजपासून देव नाही, मुहूर्त नाही, शुभ नाही, अशुभ नाही. मीही सांगितले. आम्ही दोघांनी ते मनापासून सांगितले होते.

दवाखाना का हवा होता, तेही सांगावे लागेल. गावात बाई अडली तर सहा मैल गाडीतून नेरला न्यायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की तेही नाही. आमची दोन मुले गेली. पहिले नेरच्या रस्त्यावर गाडीतच झाले आणि गेले. दुसरे घरी. त्याबद्दल जास्त बोलत नाही. एकसष्टच्या फेब्रुवारीत यमुनेला सहावा महिना सरत होता. दिवस वैशाखात भरणार होते.

सरकारकडून निरोप आला होता की बाळंतपणाची खोली असलेला छोटा दवाखाना मिळेल, तयार इमारतीचा, पण जागा गावाची आणि जोतेही गावाने श्रमदानाने बांधायचे. वीस फूट रुंद, तीस फूट लांब. जोत्यावर बोल्ट बसवून ठेवायचे, वर चौकटी उभ्या राहतील. एक अट होती. जोते मापात नसेल तर सामान तसेच पुढे जाईल, यादीतल्या पुढच्या गावाला, त्यांचे जोते तयार आहे. गावाने सभा घेतली आणि काम माझ्याकडे दिले.

मामाजींना ती तयार इमारत पसंत नव्हती. सभेतच त्यांनी विचारले, म्हणे नंबर पाहून भिंत उभी करतेत, मंग मानूस कायले पाह्यजे? त्यांचे म्हणणे असे की सरकारने वीटच द्यावी, बांधतो आम्ही. आणि ते चुकीचे बोलत नव्हते. विटेचे काम तुम्हाला माहीत नसेल. नाल्याकाठची माती काढायची, ती भिजवून तुडवायची, विटा थापायच्या, उन्हात वाळवायच्या, भट्टी रचायची, पेटवायची, थंड व्हायला सोडायची. चुना घाणीत बैलाकडून दळून घ्यायचा, त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर. वीट लावण्याआधी पाण्यात बुडवायची आणि तिचे बुडबुडे थांबले की मगच बाहेर काढायची, कारण तहानलेली वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा मरतो. मामाजी म्हणत, विटेले पानी पाजल्याशिवाय कामाले लावू नये, मानसालेबी नाही. एका दिवसात भिंत तीन फुटांवर चढवायची नाही, तिला खाली बसायला वेळ द्यायचा. अशी भिंत उन्हाळ्यात थंड राहते, हिवाळ्यात ऊब धरते आणि बांधणारा मेल्यावर उभी असते.

हे सगळे मला मान्य होते. पण अशा दवाखान्याला दोन हंगाम लागले असते. तयार इमारत चार दिवसांत उभी राहणार होती. मी सभेत एवढेच बोललो की गावाला वैशाखाच्या आत पाहिजे. का ते बोललो नाही. मामाजींना कळले. ते खाली बसले आणि पुन्हा विरोध केला नाही.

जानेवारीत आखणी केली. मी चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकली. दुसऱ्या दिवशी मला सिमेंटच्या गोण्या आणायला यवतमाळला जावे लागले. तिथे तीन दिवस मोडले. परत आलो तर मामाजींनी पाया भरून जोत्याचे दोन थर वर आणले होते आणि काम इतके सरळ, इतके साफ होते की मी त्यांना काही विचारले नाही. तरी माप घेतले. पुढची रुंदी वीस फूट. दोन्ही बाजू सारख्या. मग दोन्ही कर्ण, म्हणजे या कोपऱ्यापासून तिरपे त्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही कर्ण तंतोतंत जुळले. कर्ण जुळले की काटकोन जुळले, असे प्रत्येक मिस्त्री मानतो. मी टेप गुंडाळला. मागची रुंदी मोजली नाही. जोते पुरे झाल्यावर बाहेरच्या कडेपासून सहा-सहा इंच आत धरून बोल्ट बसवले. ओव्हरसियर साहेब येऊन पाहून गेले, त्यांनी पास केले. जोते पंधरा दिवस पाण्याखाली ठेवले.

आता त्या सोमवारकडे येतो.

गाड्यांबरोबर एक फिटर आला होता, जोसेफ नावाचा, दक्षिणेकडचा, सावळा, चष्मा लावणारा, आणि त्याची दोन माणसे. हिंदी बोले, तेही मोजके. आल्या आल्या त्याने जोत्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, हाथ अच्छा है, किसका? मी मामाजींकडे बोट दाखवले. मामाजींनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटले लाजले.

साडेआठला सगळ्यात पुढची, पहिली चौकट उभी राहिली. बुडाच्या पट्टीतली भोके बोल्टवर अशी उतरली की जणू त्यांची जुनी ओळख असावी. गावाने टाळ्या वाजवल्या. आमच्या गावचे गुलाबराव, मोठे शेतकरी, बोलण्यात तिखट, कडुनिंबाखाली खाट टाकून बसले होते. ते म्हणाले, बाप्पा, हे तं लगीन जुळण्यापेक्षा सोपं हाये. नऊ वाजता दुसरी चौकट. ती बसेना. दोन्ही पाय इंच इंच आत पडत होते. जोसेफच्या माणसांनी पहारीने पाय बाहेर ताणायचा प्रयत्न केला, पण लोखंड परत यायचे. जोसेफ म्हणाला, छोड दो, तीसरी देखो. तिसरी नुसती उभी धरून पाहिली. तिचे पाय दोन दोन इंच आत. मग तो टेप घेऊन जोत्याच्या मागच्या बाजूला गेला, एक टोक मला धरायला दिले, दुसऱ्या टोकाला स्वतः बसला आणि आकडा वाचून चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचला.

वीस फूट सहा इंच.

तो म्हणाला, मिस्त्री, तुम्हारा मकान पीछे से मोटा है.

मला त्या क्षणी सगळे कळले. तुम्हाला कळावे म्हणून सांगतो. आमच्याकडे जुने मिस्त्री घर गोमुखी बांधत. पुढून अरुंद, मागून रुंद, गाईच्या तोंडाकडून तिच्या धडाकडे जावे तसे. असे घर भरभराटीचे. याच्या उलट, पुढून रुंद आणि मागून अरुंद, ते वाघमुखी, ते माणसे खाते. म्हणून मागची भिंत आठ बोटे जास्त धरायची, दोन्हीकडे चार चार, कोणाला डोळ्यांनी दिसत नाही. आणि दोन्हीकडे सारखी वाढ असली की दोन्ही कर्णही सारखेच वाढतात. सारखेच वाढतात. मी त्या दिवशी हे स्वतःशी किती वेळा म्हटले असेल. मी नसताना मामाजींनी मागच्या दोन खुंट्या हलवल्या होत्या.

मी त्यांच्याजवळ गेलो. आवाज चढवला नाही. विचारले, मामाजी, मागे आठ बोटे जास्त धरली का? ते म्हणाले, होय. धरली. मी म्हणालो, काहून? माझ्याही तोंडून काहून निघाले. ते म्हणाले, बायामानसाच्या बाळंतपनाचं घर हाये थे. म्या उभ्या जलमात चौकोनी घर बांधलं नाही, अन् आता बांधू? माह्या पोरीसाठी? मी म्हणालो, आपण चारचौघांत सांगितले होते, शुभ-अशुभ सोडले म्हणून. ते म्हणाले, देव सोडले नं. सारे सोडले. गाय सोडतो का, असं मले कोनी इचारलंच नाही.

काय सांगू तुम्हाला. राग आला होता आणि हसूही येत होते आणि दोन्ही दाबावे लागले, कारण सारे गाव पाहत होते. गुलाबराव खाटेवरून ओरडले, काय हो मिस्त्री, देव सुटला पन गोमुखी नाही सुटली का? लोक हसले. मामाजी खाली पाहत राहिले. जन्मभर त्यांच्या भिंतीला कोणी ओळंबा लावून पाहिला नव्हता, एवढा त्यांच्यावर विश्वास, आणि आज त्यांना लोक हसत होते. मी गुलाबरावांना म्हणालो, सुटली नाही. तुम्ही तुमचे घर मोजून पाहा, तेही यांनीच बांधले आहे. गुलाबराव म्हणाले, मंग! म्हनून तं माह्या घरी तीन नातू खेळून राह्यले. पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा होता.

जोसेफ हसला नाही. तो म्हणाला, साहब चार बजे आएगा. मैं झूठ नहीं बोलूँगा. मैंने नापा है, मैं बोलूँगा. मी म्हणालो, खोटे बोलायला मी सांगत नाही. नवे बोल्ट बसवले तर? तो म्हणाला, सीमेंट कम से कम सात दिन पकना चाहिए. मेरे पास चार दिन है. गाडीवाले बैल सोडून सावलीत बसले होते. पुढच्या गावाला जायचे का, असे त्यांच्यातला एक दुसऱ्याला विचारत होता.

इथे तुम्हाला विटेत आणि तयार इमारतीत काय फरक ते सांगतो, कारण तुम्ही तेच विचारायला आलात. वीट चूक पोटात घेते. भिंत बोटभर सरकली तर सांध्यात चुना बोटभर जास्त घाला, पुढच्या थरात कमी घाला, वर जाईपर्यंत चूक विरते. विटेचा मिस्त्री चालता चालता रस्ता दुरुस्त करतो. तयार इमारत तसे करू देत नाही. ती दूर कुठेतरी, कुणीतरी, आमचे गाव न पाहता बनवलेली असते. तिचा तुकडा जुळला तर जुळला, नाही तर नाही. त्यात दया नाही. पण त्यात लबाडीही नाही. तिने तासाभरात आम्हाला आमची चूक सांगितली. विटेने ती शंभर वर्षे सांगितली नसती.

तोडगा मामाजींनी काढला. हे मी मुद्दाम लिहायला सांगतो. ते बराच वेळ त्या बोल्टांकडे पाहत उकिडवे बसले होते. मग म्हणाले, जवाई, पाय बोल्टावर येत नाही तं मधात पट्टी टाका. एका भोकात जोत्याचा बोल्ट, दुसऱ्या भोकात चौकटीचा. मी जोसेफला हिंदीत सांगितले. त्याने विचार केला. तो म्हणाला, दुसऱ्या चौकटीचे सोपे आहे, तिची भोके छिन्नीने इंचभर लांबवतो. तिसरीला आणि चौथीला पट्ट्या लागतील. दरेक पायाला दोन बोल्ट, चार पाय, आठ पट्ट्या. अर्धा इंच जाडीचे लोखंड पाहिजे. कहाँ है?

गावात अर्धा इंच जाडीचे लोखंड एकाच ठिकाणी असते, गाडीच्या चाकावर. चाकाला जी लोखंडी धाव चढवलेली असते, ती. मी गुलाबरावांकडे पाहिले. त्यांच्या गोठ्यात मोडक्या गाडीचे एक चाक पडलेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, माह्याकडं काहून पाहून राह्यला? मी म्हणालो, तुमच्या धाकट्या सुनेलाही दिवस गेले आहेत असे ऐकतो. ते खाटेवरून उठले. म्हणाले, ने बाप्पा, ने. पन धाव वापस आनजो. मी म्हणालो, वापस येणार नाही, आठ तुकडे होतील. ते म्हणाले, मंग लाकडं तरी वापस आनजो. पुढे त्यांनी स्वतःच चाक ढकलत लोहाराकडे नेले, साठीचा माणूस, धोतर खोचून, रस्ताभर मला शिव्या देत.

लोहाराने भट्टी पेटवली. धाव लाल करून सरळ केली, तोडली. सोळा भोके पाडायची होती आणि मापे दोन प्रकारची, चार पट्ट्यांत भोकांमध्ये दोन इंच अंतर, चार पट्ट्यांत तीन. मी खडूने आखून देत होतो. एकदा मोजले की परत मोजत होतो. लोहार वैतागून म्हणाला, किसनभाऊ, थे गरम हाये, तुमच्या मोजनीत थंड होते. तिकडे जोत्यावर एक काम होते. चौकटीचा बोल्ट पट्टीत खालून घालायचा, म्हणून त्याचे डोके बसायला जोत्यात खाच पाहिजे. पंधरा दिवस पाणी पाजून पक्के केलेल्या त्या साफ जोत्यात आठ ठिकाणी छिन्नी मारायची. मी छिन्नी घेऊन बसलो तर मामाजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, माह्यं हाये. मीच फोडतो. त्यांनी आठही खाचा स्वतः पाडल्या. उन्हात बसून. एकही कड अशी उडवली नाही की जी उडवायची नव्हती. मी त्यांना पाणी नेऊन दिले. त्यांनी आधी खाचेवर शिंपडले, मग स्वतः प्यायले.

साडेतीनला चौथी चौकट उभी राहिली. जोसेफने नट आवळले, चौकट धरून हलवली, मग त्याच्या दोन माणसांनी हलवली, मग गुलाबरावांनी न विचारता हलवली. हलली नाही. चारी चौकटी एका रेषेत. बाजूने पाहिले तर जोते चौकटीच्या बाहेर मागच्या कोपऱ्यांत तीन तीन इंच दिसत होते. तेवढे लपवण्यासारखे नव्हते आणि मी लपवलेही नाही.

चारला नव्हे, साडेचारला ओव्हरसियर साहेब जीपमधून आले. यवतमाळचे, वकिलांच्या घराण्यातले, कडक इस्त्रीचे. त्यांनी ती कड लगेच पाहिली. हे काय? जोसेफने सांगितले, साहब, पीछे छह इंच ज्यादा है. साहेब माझ्याकडे वळले. आखणी कोणी केली? मामाजी पुढे झाले. मी त्यांच्या आधी बोललो. म्हणालो, आखणी माझी. मागची रुंदी मोजली नाही, ही चूक माझी. हे खोटे नव्हते. मामाजी म्हणाले, साहेब, खुट्या म्या हालवल्या. साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि मला विचारले, कर्ण मोजले नव्हते का? मोजले होते. मग? जुळले होते, साहेब.

 त्यांनी खिशातून डायरी काढली, तिच्यात पेन्सिलीने एक आकृती काढली, पुढे लहान, मागे मोठी, आणि तिचे दोन्ही कर्ण ओढले. मग बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचे कान लाल झाले. मला म्हणाले, मिस्त्री, पास करताना मीसुद्धा कर्णच मोजले होते. मी टेप गुंडाळू लागलो. अशा वेळी बोलू नये. त्यांनी स्वतः जाऊन आठही पट्ट्या पाहिल्या, नट तपासले, चौकटीला खांदा लावून जोर केला. मग मामाजींना विचारले, आजोबा, कशासाठी केले हे? मामाजी म्हणाले, पोरीसाठी, साहेब. साहेबांनी डायरी मिटली आणि जोसेफला म्हणाले, कल से तख्ते लगाओ. एवढेच. गाडीवाल्यांनी त्या रात्री आमच्याच गावात मुक्काम केला.

पुढचे थोडक्यात सांगतो. चौथ्या दिवशी दवाखाना उभा राहिला. वैशाखात तो तापला, इतका की पत्र्याखाली उभे राहवेना. मामाजींना बोलायची संधी होती, पण ते बोलले नाहीत. त्यांनी छपरावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाड थर टाकला, दुपारी त्यावर पाणी मारायला दोन माणसे लावली आणि पश्चिमेच्या तक्त्यांना बाहेरून चुन्याविटांची भिंत घातली. त्यामुळे आतली खोली निभावण्यासारखी झाली. त्या खोलीत आमची मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला उलटे धरून दोन चापट्या मारल्या तेव्हा ती रडली. मी बाहेर होतो. तक्ते पातळ असतात, सगळे ऐकू आले. विटेची भिंत असती तर ऐकू आले नसते. तयार इमारतीचा हाही एक गुण धरा.

आता ती मुलगी स्वतः आजी आहे. मामाजी गेले, यमुना गेली, साहेब आणि जोसेफ कुठे असतील ठाऊक नाही. दवाखाना नवा झाला आहे, सिमेंटचा, दोन मजली, आणि ती जुनी इमारत त्याचे कोठार आहे. मामाजींची पश्चिमेची भिंत अजून ओळंब्यात आहे. मी दर वर्षी पाहतो. आता वीट की तयार इमारत, यावर मी भांडत नाही. ज्याला घाई आहे त्याने तयार घ्यावी आणि ज्याला वेळ आहे त्याने वीट लावावी. दोघांनीही मागची रुंदी मोजावी. नव्या पोरांनी बांधत राहावे, त्यांचे हात चांगले राहोत, यापलीकडे माझे काही मागणे नाही.

तुम्ही त्या दिवसाचे विचारले होते, तो पुरा करतो. साहेबांची जीप गेल्यावर, दिवस बुडायच्या आधी यमुना पाहायला आली. भिंती नव्हत्या, नुसत्या चार चौकटी. ती म्हणाली, खोली कोठी हाये? मी मागची जागा दाखवली. तिला वर जाऊन पाहायचे होते, पण जोते अडीच फूट उंच आणि पायऱ्या गावाच्या यादीत कोणी लिहिल्याच नव्हत्या. मामाजी म्हणाले, राहू दे, उद्या पाहाशीन. ती जोत्याला हात लावून उभी राहिली. मी उरलेल्या विटा आणल्या. चुना नव्हता, कोरड्याच रचल्या, सांधे मोडून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, तीन पायऱ्या. मग प्रत्येक पायरीवर स्वतः उभा राहून, टाचेने जोर देऊन पाहिले. मधली एका कोपऱ्यात डुगडुगत होती. तिच्याखाली कवेलूचा, म्हणजे कौलाचा, एक तुकडा सारला आणि पुन्हा उभा राहून पाहिले.